पदत्याग केव्हा सात्त्विक ठरतो?

प्रश्नाचे स्वरूप

गीतेतील उपदेशाला निमित्त झाले ते एका वीराच्या स्थानत्यागाच्या इच्छेचे. दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा असलेला अर्जुन शोकाकुल होऊन धनुष्यबाण टाकतो आणि रथात बसून राहतो (१.४७). त्याच्या मुखातील भाषा भ्याडाची नाही. पाप, कुलधर्म, गुरुजनांविषयीचा आदर, राज्यसुखाचा वीट, अशा धर्माच्याच गोष्टी तो बोलतो. आपली सदसद्विवेकबुद्धी आपणांस हे कर्म करू देत नाही, असेच त्याच्या बोलण्याचे तात्पर्य आहे. तथापि भगवान त्याच्या या इच्छेला मान्यता देत नाहीत. शहाणपणाचे शब्द बोलत असूनही तो अशोच्य गोष्टींचा शोक करीत आहे, असे ते त्याला स्पष्ट सांगतात (२.११).

यावरून कित्येक अभ्यासक असे अनुमान काढतात की, प्राप्त झालेले स्थान कोणत्याही कारणास्तव सोडू नये, असाच गीतेचा निर्णय आहे. अठराव्या अध्यायातील एक वचन या मताला बळकटी देणारे दिसते. अग्नी जसा धुराने, तसे प्रत्येक कर्म कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असते, म्हणून सहजप्राप्त कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे तेथे सांगितले आहे (१८.४८). मग जो मनुष्य एखाद्या धर्मसंस्थेच्या प्रमुखपदी आहे, आणि ज्याला त्या संस्थेतील एखादा विधी अंतःकरणपूर्वक मान्य होत नाही, त्याने काय करावे? पद सोडले तर स्वधर्माचा त्याग घडेल की काय, ही भीती. न सोडले तर ज्यावर आपली श्रद्धा नाही ते कर्म श्रद्धेचे म्हणून रोज लोकांपुढे करावे लागेल, हे दुःख.

या प्रश्नाचा विचार केवळ कल्पनेने करण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या एका उदाहरणाच्या आधारे करणे साधकाला अधिक हितकारक होईल. असे एक उदाहरण अमेरिकेतील तत्त्वज्ञ राल्फ वाल्डो इमर्सन याच्या चरित्रात सापडते. पुढील आयुष्यात गीतेचा आदरपूर्वक अभ्यास करणारा म्हणून इमर्सन भारतीय वाचकांना परिचित आहे. परंतु त्याच्या हाती गीता येण्यापूर्वी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने बोस्टन शहरातील एक प्रतिष्ठित धर्मपद सोडले होते, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाही.

बोस्टनचे धर्मपद

इमर्सनचा जन्म २५ मे १८०३ रोजी बोस्टन येथे झाला. त्याच्या घराण्यात धर्मोपदेशकाची वृत्ती पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. पितामह कॉन्कर्ड गावाचे धर्मोपदेशक होते. पिता बोस्टनच्या 'फर्स्ट चर्च'चे धर्मोपदेशक होते. इमर्सन आठ वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८११ मध्ये, पित्याचा मृत्यू झाला, आणि मातेने अत्यंत हलाखीत मुलांना वाढविले व शिकविले. अशा घरातील मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही सर्वांची अपेक्षा होती. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर ते त्याचे कुलप्राप्त कर्म होते.

११ मार्च १८२९ रोजी बोस्टनच्या 'सेकंड चर्च'मध्ये त्याला दीक्षापूर्वक धर्मोपदेशक नेमण्यात आले. सतराव्या शतकात स्थापन झालेल्या या चर्चच्या व्यासपीठावरून इन्क्रीज मेथर आणि त्याचा पुत्र कॉटन मेथर या नामांकित धर्मोपदेशकांनी प्रवचने केली होती. आरंभी इमर्सन हा हेन्री वेअर या ज्येष्ठ धर्मोपदेशकाचा सहकारी होता. परंतु वेअर हार्वर्डच्या धर्मविद्यालयात अध्यापक म्हणून गेल्यामुळे थोड्याच काळात सर्व भार एकट्या इमर्सनवर आला. वेतन चांगले होते, अनुयायी प्रेमळ होते, आणि तरुण उपदेशकाची कीर्ती वाढत होती. त्याच वर्षी एलन टकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. परंतु क्षयाने ८ फेब्रुवारी १८३१ रोजी ती मरण पावली. तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

हे चर्च युनिटेरियन पंथाचे होते. ईश्वर एकच आहे, त्रिमूर्तिरूप नाही, असे मानणारा हा ख्रिस्ती धर्मातील उदारमतवादी पंथ. याच पंथाच्या इंग्लंडमधील मंडळींच्या साहाय्याने महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास केला होता. तात्पर्य, इमर्सन ज्या संस्थेत होता ती काही जुलमी किंवा अंधश्रद्ध संस्था नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वाईट संस्था सोडणाऱ्याचा प्रश्न तुलनेने सोपा असतो. चांगली संस्था, चांगली माणसे आणि चांगले पद सोडण्याचा प्रसंग येतो तेव्हाच त्यागाची खरी परीक्षा होते.

मन कोठे अडले?

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस ग्रहण करण्याचा विधी ख्रिस्ती मंडळींत आहे. मराठी ख्रिस्ती बांधव त्याला प्रभुभोजन म्हणतात. चर्चचा प्रमुख या नात्याने हा विधी इमर्सनला चालवावा लागे. शुभवर्तमानांच्या अभ्यासावरून त्याचे मत असे झाले की, हा विधी आपल्या मागे सर्व काळ चालावा असा येशूचा हेतू नव्हता. ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचे भोजन होते; मृत्यू समीप आलेला असता गुरूने शिष्यांना प्रेमाने काढलेले ते उद्गार होते; त्यांतून कायमचा नियम निघत नाही, असे त्याला वाटू लागले. चार शुभवर्तमानांपैकी स्मरणार्थ असे करण्याची आज्ञा एका लूककृत शुभवर्तमानातच आढळते, याकडेही त्याने लक्ष वेधले. येशूने शिष्यांचे पायही धुतले होते आणि त्यांनी परस्परांचे पाय धुवावेत असे सांगितले होते. तरी बहुतेक चर्चांनी त्याचा नित्य विधी केला नाही, हेही त्याने दाखविले.

परंतु ही सर्व विद्वत्तेची कारणे झाली. खरे कारण याहून साधे होते. धर्मोपदेशकाच्या पदावर राहून जे आपण संपूर्ण अंतःकरणाने करू शकत नाही ते आपल्या हातून घडू नये, एवढीच त्याची इच्छा होती. भाकरी हातात घेऊन लोकांपुढे उभे राहावयाचे, मुखाने पवित्र शब्द उच्चारावयाचे, आणि मनात मात्र ते खरे नाही असे जाणत असावयाचे, ही स्थिती त्याला असह्य झाली.

गीतेच्या अभ्यासकाने येथे दोन वचने आठवावीत. कर्मेंद्रिये आवरून मनाने मात्र अन्यत्रच रमणारा तो मिथ्याचारी, असे तिसरा अध्याय म्हणतो (३.६). तेथे प्रसंग इंद्रियनिग्रहाचा आहे हे खरे. परंतु बाहेर एक आणि आत दुसरे हा दोष उपासनेतही तितकाच संभवतो. सतरावा अध्याय तर याविषयी अधिक स्पष्ट आहे. श्रद्धाविरहित यज्ञ तामस होय (१७.१३), श्रद्धेवाचून केलेले हवन, दान, तप हे सर्व 'असत्' होय आणि त्याचा उपयोग ना इहलोकी ना परलोकी (१७.२८). हे वचन श्रद्धाहीन यजमानाला जितके लागू, तितकेच यज्ञ चालविणाऱ्यालाही लागू आहे. किंबहुना पुढे उभा राहून जो इतरांकडून विधी करवितो त्याच्यावर त्याचा भार अधिक, कारण श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसे इतर लोक वागतात (३.२१).

येथे एक आक्षेप उभा राहतो. यज्ञ, दान आणि तप ही कर्मे कधीच टाकू नयेत, ती आसक्ती व फलेच्छा सोडून करावीत, असेही गीतेनेच सांगितले आहे (१८.५-६). मग उपासनेचा विधी टाकणारा गीतेच्या विरुद्ध जात नाही काय? याचे उत्तर असे की, ज्या यज्ञाला भगवान पावन करणारा म्हणतात तो श्रद्धेने केलेला यज्ञ होय. श्रद्धा उरली नाही तेथे यज्ञाचे नाव उरते, यज्ञ उरत नाही. तरीही या आक्षेपातून एक मोठा बोध घ्यावयाचा आहे, तो हा की, विधी टाकण्यापूर्वी तो श्रद्धेने करता येण्याजोगा होईल काय, याचा प्रयत्न झाला पाहिजे. इमर्सनने नेमके हेच केले.

आधी प्रयत्न, मग एकांत

१८३२ च्या जून महिन्यात त्याने आपल्या चर्चच्या मंडळींना आपले मत कळविले आणि एक सूचना केली. स्मरणाचा प्रसंग ठेवावा, परंतु भाकरी व द्राक्षारस यांचे ग्रहण आणि तो ईश्वरी आज्ञेचा नियम आहे ही समजूत सोडून द्यावी, अशी ती सूचना होती. मंडळींनी एका समितीकडे विचार सोपविला. समितीचे उत्तर सौजन्याचे होते, परंतु नकाराचे होते. उपदेशकाविषयी आदर कायम ठेवून, विधीत बदल करणे चर्चला इष्ट वाटत नाही, असा निर्णय देण्यात आला.

जुलै महिन्यात इमर्सन न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स या पर्वतप्रदेशात गेला. तेथील त्याच्या रोजनिशीत दिसणारे मन निश्चयी वीराचे नाही. ते तोलून पाहणारे मन आहे. एका विधीसाठी सर्व उपयुक्त कार्य सोडून जाणे हा हट्ट तर नव्हे? दोष कशात नसतो? लहान गोष्टीला आपण फार मोठी तर करीत नाही ना? अशा शंका तो स्वतःलाच विचारीत होता. धूर आणि अग्नी यांचा जो दृष्टांत गीतेत आहे, तोच विचार निराळ्या शब्दांनी त्याच्याही पुढे उभा होता. अखेर त्याला दिसले ते असे: विधी लहान असेल, परंतु तो पवित्र समजणाऱ्या लोकांपुढे खोटेपणाने तो करणे ही गोष्ट लहान नाही. इतर दोष कर्माला बाहेरून वेढतात. हा दोष कर्त्याच्या आत उत्पन्न होतो. धुराने वेढलेला अग्नी अग्नीच असतो. परंतु अग्नीच नसेल तर नुसत्या धुराला कर्म कसे म्हणावे?

याच घराण्यातील एक पूर्वीची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इमर्सनचा वडील बंधू विल्यम हा जर्मनीतील गटिंगन येथे धर्मशास्त्र शिकावयास गेला होता. तेथील चिकित्सेने त्याच्या मनात शंका उत्पन्न झाल्या, तेव्हा १८२४ मध्ये तो वायमार येथे महाकवी गटे याला भेटला आणि सल्ला मागितला. आपल्या शंका स्वतःपाशी ठेवाव्यात, ठरलेला व्यवसाय करावा, घरच्या मंडळींना निराश करू नये, असा व्यवहारी सल्ला त्या थोर पुरुषाने दिला. विल्यमला तो मानवला नाही. धर्मोपदेशकाची वृत्ती न स्वीकारता त्याने पुढे वकिली पत्करली. म्हणजे या कुटुंबात हा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला होता, आणि त्याचे मोलही घरातील सर्वांना ठाऊक होते. मुलांना कष्टाने वाढविणाऱ्या मातेला आणि त्याच्या विचारांना लहानपणापासून वळण देणाऱ्या आत्या मेरी मूडी इमर्सन यांना या निर्णयाने क्लेश झाले. ज्या त्यागाची किंमत दुसऱ्यालाही द्यावी लागते, त्याचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो.

निरोप कसा घ्यावा?

९ सप्टेंबर १८३२ रोजी इमर्सनने याच विषयावर प्रवचन केले. आपली कारणे त्याने शांतपणे, एकामागून एक, मांडली. कोणाची निंदा केली नाही, कोणाला ढोंगी म्हटले नाही. शेवटी त्याने जे सांगितले त्याचा आशय असा की, या विधीशी त्याचे वैर नाही. लोकांना आणि ईश्वराला तो रुचत असेल तर जगाच्या अंतापर्यंत तो चालला तरी त्याला संतोषच वाटेल. फक्त तो चालविण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही. दोन दिवसांनी, ११ सप्टेंबर रोजी, त्याने पदत्यागाचे पत्र दिले. काही आठवड्यांच्या विचारानंतर मंडळींनी ते जड अंतःकरणाने स्वीकारले. त्याला ठेवून घेण्याची इच्छा असणारे पुष्कळ होते. पुढे २२ डिसेंबर रोजी त्याने मंडळींना प्रेमाचे निरोपपत्र लिहिले, आणि २५ डिसेंबर रोजी, प्रकृती ढासळलेली असताना, तो युरोपच्या प्रवासाला निघाला.

या निरोपात गीतेचे एक अत्यंत कठीण वचन आचरणात आलेले दिसते. कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये, असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे (३.२६). या वचनाचा उपयोग पुष्कळदा गैर केला जातो. 'लोकांची श्रद्धा मोडू नये' असे म्हणून स्वतः न मानलेले विधी चालवीत राहण्याला त्यातून आधार शोधला जातो. परंतु त्याच श्लोकात पुढे विद्वानाने युक्त होऊन, म्हणजे योगयुक्त राहून, कर्म आचरावे आणि इतरांकडून करवावे असे म्हटले आहे. जो आतून दुभंगलेला आहे तो युक्त कसा म्हणावा? बुद्धिभेद न करणे याचा अर्थ असत्याचे आचरण असा होत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा उपहास न करणे, तिच्यावर घाव न घालणे, आणि आपल्या जाण्याने मंडळी फुटू न देणे, हा त्याचा अर्थ होय. इमर्सनने वेगळे चर्च काढले नाही. अनुयायांपैकी कोणाला आपल्यामागे ओढून नेले नाही. सत्य बोलणे आणि उद्वेग न करणे ही वाणीच्या तपाची दोन्ही लक्षणे (१७.१५) येथे एकत्र आढळतात, आणि ती एकत्र राखणे किती कठीण असते, हे संस्थांतील भांडणे पाहिलेल्या कोणालाही सांगावयास नको.

गीतेची कसोटी

आता अर्जुनाचा त्याग आणि इमर्सनचा त्याग यांत भेद कोणता, हे पाहावे. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तो तामस, कर्म दुःखदायक आहे म्हणून, देहाला क्लेश होतील या भयाने, केलेला त्याग तो राजस, आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत असता त्यातील आसक्ती व फळ यांचा केलेला त्याग तो सात्त्विक (१८.७-९). भगवंतांनी सात्त्विक म्हटलेला त्याग हा कर्माचा त्याग नव्हेच; तो आसक्तीचा आणि फळाचा त्याग आहे, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

या दृष्टीने पाहता अर्जुन टाकीत होता ते कर्तव्य. आणि त्याचे कारण होते स्वजनांविषयीचा मोह, जो धर्माची भाषा बोलत होता. इमर्सनने टाकले ते पद. त्याबरोबर पदाचे वेतन, पदाची प्रतिष्ठा आणि पदाचे संरक्षण ही फळेही त्याने टाकली. जे कर्तव्य त्याला आपले वाटत होते, म्हणजे मनुष्याला त्याच्या अंतरातील ईश्वराची जाणीव करून देणे, ते त्याने टाकले नाही. पदत्यागानंतर कित्येक वर्षे तो निरनिराळ्या चर्चांत पाहुणा म्हणून प्रवचने करीत असे. त्याचबरोबर व्याख्यानांच्या व्यासपीठावरून त्याने तेच कार्य अधिक व्यापक केले. म्हणून पद आणि कर्तव्य यांचा विवेक ही पहिली कसोटी होय. पद सोडल्याने कर्तव्य सुटत असेल तर राहावे. पद धरल्याने कर्तव्याचा प्राण जात असेल तर सोडावे.

दुसरी कसोटी फळाची. पद सोडावयाचे आणि पदामुळे मिळालेले सर्व हाती ठेवावयाचे, हा त्याग अपुरा होय. इमर्सन निघाला तेव्हा पुढील उपजीविकेची निश्चिती त्याला नव्हती. दिवंगत पत्नीच्या मालमत्तेतील वाटा त्याला पुढे १८३४ पासून मिळू लागला आणि त्यामुळे त्याचा मार्ग काहीसा सुकर झाला, हेही सत्य सांगितले पाहिजे. याच कसोटीचे अधिक ठळक उदाहरण पुढील शतकात भारतीय पुरुषाने घालून दिले. जे. कृष्णमूर्ती यांना भावी जगद्गुरू मानून १९११ मध्ये 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संस्था स्थापन झाली होती. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, डॉ. अॅनी बेझंट आणि सहस्रावधी अनुयायी यांच्या समक्ष, तिच्या या प्रमुखानेच संस्था विसर्जित केली. आणि संस्थेसाठी मिळालेल्या जमिनी व मालमत्ता देणाऱ्यांना परत करण्यात आल्या. त्यांचे तत्त्वज्ञान कोणास मान्य असो वा नसो, पदाबरोबर पदाचे फळही सोडावे लागते, हा धडा त्यातून निःसंशय मिळतो.

तिसरी कसोटी विचाराची. अर्जुनाने शोकाच्या भरात निर्णय घेतला, आणि मग विचारले. इमर्सनने आधी मत मांडले, सुधारणेची सूचना केली, नकार ऐकला, एकांतात आपल्याच निर्णयाविरुद्धची कारणे तपासली, आणि मग पत्र दिले. गीतेचाही क्रम हाच आहे. सर्व उपदेश झाल्यावर भगवान अर्जुनाला आज्ञा करून मोकळे होत नाहीत, या सर्वांचा पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसे कर, असे ते म्हणतात (१८.६३). गीतेने निर्णयाचा अधिकार मनुष्याच्या विवेकाकडेच ठेवला आहे. मात्र त्या आधी संपूर्ण विचाराची अट घातली आहे.

राहणाऱ्याचा धर्म

येथे एका भ्रमापासून साधकाने सावध राहावे. जो सोडतो तो प्रामाणिक आणि जो राहतो तो भित्रा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इमर्सनच्या आधी त्याच व्यासपीठावर असलेल्या हेन्री वेअरचे उदाहरण पाहावे. १५ जुलै १८३८ रोजी हार्वर्डच्या धर्मविद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे इमर्सनने जे भाषण केले त्याने मोठी खळबळ उडाली. त्यानंतर सुमारे तीस वर्षे हार्वर्डने त्याला पुन्हा बोलाविले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वेअरने ईश्वराच्या सगुण व्यक्तित्वाचे समर्थन करणारे प्रवचन केले आणि ते आपल्या या जुन्या सहकाऱ्याला पाठविले. दोघांची मते जुळली नाहीत. परंतु परस्परांविषयीचा आदर सुटला नाही. वेअरची श्रद्धा त्या विधींवर, त्या उपासनेवर होती. म्हणून तेथे राहणे हाच त्याचा स्वधर्म होता. सतराव्या अध्यायाने म्हटल्याप्रमाणे मनुष्य श्रद्धामय आहे, ज्याची जशी श्रद्धा तसा तो असतो (१७.३). दोघेही आपापल्या श्रद्धेशी एकनिष्ठ राहिले, म्हणून एकाचे राहणे आणि दुसऱ्याचे जाणे ही दोन्ही कर्मे शुद्ध ठरली.

आणखी एक गोष्ट मननीय आहे. १८३८ च्या त्या भाषणात इमर्सनने चर्चच्या शुष्कपणावर कठोर टीका केली. परंतु नव्याने धर्मोपदेशक होऊ घातलेल्या तरुणांना त्याने पदे सोडण्यास सांगितले नाही. नवे विधी आणि नवे पंथ काढण्याचा खटाटोप न करता, आहेत त्याच रूपांत नवा प्राण ओतावा, असा त्याचा उपदेश होता. स्वतः पद सोडलेला मनुष्य आपल्या त्यागाचा नियम इतरांवर लादीत नाही, हे त्याच्या निरहंकारतेचे चिन्ह होय. दुसऱ्याचा धर्म कितीही चांगला दिसला तरी तो भयावह (३.३५), हे वचन दुसऱ्याच्या त्यागालाही लागू आहे. कोणी सोडले म्हणून आपण सोडावे, हा परधर्मच होय.

नंतरचे कर्म

त्यागाची अखेरची परीक्षा त्यागानंतरच्या आयुष्यात होते. केवळ कर्मे न आरंभिल्याने नैष्कर्म्य मिळत नाही आणि केवळ संन्यासाने सिद्धी मिळत नाही, असे गीतेचे स्पष्ट म्हणणे आहे (३.४). पद सोडून जो कटुतेत दिवस घालवितो, जुन्या संस्थेच्या उणिवा सांगण्यातच ज्याचे बोलणे संपते, त्याने पद सोडले असले तरी त्याचे मन पदालाच बांधलेले आहे. इमर्सन कॉन्कर्ड येथे स्थायिक झाला. १८३६ मध्ये निसर्गावरील त्याचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८३८ मध्ये चेरोकी या आदिवासी जमातीला तिच्या भूमीवरून हुसकावून लावण्याविरुद्ध त्याने राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांना निषेधाचे खुले पत्र लिहिले. १८४४ मध्ये, आणि पुन्हा १८५१ मध्ये, गुलामगिरीच्या विरुद्ध त्याने जाहीर भाषणे केली. पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या स्वाधीन करण्यास भाग पाडणारा कायदा मोडण्याजोगा आहे, असे म्हणण्यास तो कचरला नाही. जी सदसद्विवेकबुद्धी १८३२ मध्ये एका विधीपाशी अडली होती, तीच पुढे पीडितांच्या बाजूने उभी राहिली. लोकसंग्रह याहून निराळा नाही.

या प्रवासातच त्याला गीता भेटली. १८३१ च्या सुमारास फ्रेंच तत्त्वज्ञ कूझँ याच्या ग्रंथातून तिची तोंडओळख त्याला झाली होती. परंतु चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद त्याच्या हाती आला तो १८४५ मध्ये. पुढे त्याने स्वतःची प्रत मिळविली आणि ती कॉन्कर्डच्या मित्रमंडळींत फिरू लागली. हेन्री डेव्हिड थोरोही या मंडळींपैकीच. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेली इमर्सनची 'ब्रह्म' ही कविता भारतीय विचारांशी त्याच्या झालेल्या तादात्म्याची साक्ष देते. गीता वाचून त्याने पद सोडले असे म्हणता येत नाही; कालक्रमच तसा नाही. परंतु जो मनुष्य श्रद्धेवाचून विधी करण्यास नकार देऊन बाहेर पडला होता, त्याला तेरा वर्षांनंतर श्रद्धेवाचूनचे कर्म 'असत्' म्हणणारा ग्रंथ आपलासा वाटावा, यात आश्चर्य नाही.

सारांश, गीता स्थान सोडण्याच्या विरुद्ध नाही आणि स्थान सोडण्याच्या बाजूचीही नाही. मोहाने सोडणे आणि मोहाने धरून ठेवणे ही दोन्ही तिला सारखीच त्याज्य आहेत. अर्जुनाला तिने रणांगणावर राहविले, कारण त्याचे जाणे मोहाचे होते. ज्याचे राहणे मोहाचे झाले आहे, पदाच्या, मानाच्या, निर्वाहाच्या किंवा लोकलज्जेच्या आसक्तीचे झाले आहे, त्याला तोच उपदेश उलट दिशेने लागू होतो. मठाधिपती असो, संस्थेचा विश्वस्त असो की लहानशा भजनी मंडळाचा प्रमुख असो, प्रत्येकाने हा विचार आपल्यापुरता करावयाचा आहे.

मननासाठी

१. आपण जे धर्मकर्म लोकांपुढे करतो त्यांपैकी कोणते संपूर्ण श्रद्धेने करतो, आणि कोणते केवळ आपल्याकडून अपेक्षित आहे म्हणून करतो?

२. जे मान्य नाही त्याविषयी संबंधितांशी मोकळेपणाने बोलून सुधारणेचा प्रयत्न केला आहे काय, की मौनाने राहून मनातच दुरावा वाढविला आहे?

३. सोडावेसे वाटते ते पद, की पदाबरोबर येणारे कर्तव्याचे कष्ट? (१८.७-९ या श्लोकांचे पुन्हा वाचन करावे.)

४. सोडून जाताना आपल्या वाणीने कोणाच्या श्रद्धेला इजा होणार नाही, आणि गेल्यावर आपले हात लोकसेवेत गुंतलेले राहतील, याची तयारी आहे काय?